रविवारच्या सेशनची आठवण: रोझ गॉटमोएलर

मंडळी, रविवारी संध्याकाळी ७ ला आपलं ऑनलाइन सेशन आहे, विसरू नका. विषय अमेरिकेच्या अण्वस्त्र-करारांच्या वाटाघाटी करणाऱ्या रोझ गॉटमोएलर यांचं करिअर. रशियन भाषा शिकलेली ही बाई आधी रँड या अमेरिकन संशोधन संस्थेत सोव्हिएत लष्करी धोरणाचा अभ्यास करायची, मग १९९३-९४ मध्ये व्हाइट हाऊसमध्ये, युक्रेन, कझाकस्तान, बेलारूसमधली सोव्हिएत काळातली अण्वस्त्रं काढून घ्यायच्या कामात.

पण जास्त वेळ आपण न्यू स्टार्टला, म्हणजे अमेरिका आणि रशियातल्या अण्वस्त्र-मर्यादेच्या कराराला देणार आहोत, कारण खरं काम तिथंच दिसतं. जिनिव्हात समोर रशियाचे प्रतिनिधी अनातोली अँतोनोव, जवळपास वर्षभर वाटाघाटी, आणि ८ एप्रिल २०१० ला प्रागमध्ये सह्या. मर्यादा प्रत्येकी १५५० तैनात वॉरहेड्सची (मिसाइलवर बसवलेल्या अणुबॉम्बची) हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण मोजायचं कसं हे कोणी विचारतच नाही! करारात वर्षाला १८ पर्यंत तपासण्या ठरल्या होत्या, इन्स्पेक्टर प्रत्यक्ष तळावर जाणार, मिसाइलचं टोक उघडलं तरी आत वॉरहेड्सवर कव्हर घातलेलं, म्हणजे डिझाइन दिसत नाही पण आकडा मोजता येतो, आणि प्रत्येक मिसाइलला स्वतःचा वेगळा नंबर. मला हा भाग फार आवडतो, विश्वास नसलेल्या दोन देशांनी असं काही जमवणं साधी गोष्ट नाही.

नंतर अमेरिकन सिनेटमध्ये कराराला ७१ विरुद्ध २६ मतांनी मंजुरी, आणि २०१६ ते २०१९ गॉटमोएलर नाटोच्या उपसरचिटणीस, त्या पदावरच्या पहिल्या महिला.

प्रश्न शनिवारपर्यंत ग्रुपवर टाका प्लीज, आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये करार संपला त्यावर बोलायचं असेल तर तेही आधीच कळवा, वेळ ठेवते.