बिनपगारी रजा, लांबची पायवाट: आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

नोकरी सोडलेली नाही, हे आधी सांगते. लांबची पायवाट चालण्यासाठी घेतलेली रजा बिनपगारी आहे आणि रुजू होण्याची तारीख, पद व विमा या तिन्ही गोष्टी मंजुरीच्या पत्रात लिहून घेतल्या आहेत. तोंडी होकारावर जाण्यात अर्थ नसतो. मधे साहेब बदलला की तो होकार कोणाला आठवत नाही. पगार थांबला की ऑफिसचा आरोग्यविमाही थांबू शकतो, म्हणून माझी वेगळी पॉलिसी आधीच सुरू केली. कर्जाचे हप्ते खात्यातून जात राहतील. परतल्यावरच्या तीन महिन्यांचा खर्चही बाजूला काढलाय.

चालायला चार महिने लागतील, रजा साडेपाच महिन्यांची घेतली. पाय दुखावला तर थांबता यावं, म्हणून जास्तीचा दीड महिना.

बाबा, तुम्हाला जंगलाची काळजी वाटते, मला घाईची वाटते. दम आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, स्नायू हाडांना जोडणाऱ्या कंडरांना महिने लागतात. दहाव्या दिवशी अंगात जोर आल्यासारखा वाटतो, माणूस एकदम तीस किलोमीटर चालतो आणि टाचेमागची कंडरा सुजते. म्हणून पहिले दोन आठवडे दिवसाला पंधरा किलोमीटरच्या वर नाही, आणि दर सहाव्या दिवशी विश्रांती.

ओझ्याचा हिशोब असा: सामान आठ किलो, पाच दिवसांचं खाणं पावणेचार, पाणी दोन. एकूण पावणेचौदा किलो. बूट एक नंबर मोठे, कारण रोजच्या चालीने पाऊल सुजतं. सहाशे-आठशे किलोमीटरला ते बदलायचे. टाचेला चुरचुरलं की तिथेच थांबायचं, मोजा काढून पाय कोरडा करायचा आणि टेप लावायची. टेपची टोकं गोल कापायची, नाहीतर कोपरे मोज्याला अडकून उचकटतात. फोड येईपर्यंत चालत राहणं हाच खरा आळस.

आई, आता तुझ्यासाठी. मोबाईलला रेंज नसते तिथून उपग्रहामार्फत मेसेज पाठवणारं यंत्र जवळ असेल. रोज संध्याकाळी 'पोचले, ठीक' एवढंच येईल. त्याला मोकळं आकाश लागतं. दाट झाडीत किंवा अरुंद दरीत मेसेज अडकतो. त्यामुळे एक संध्याकाळ कोरडी गेली तर घाबरू नकोस. दुसरीही गेली, तर मेसेजसोबत येणाऱ्या नकाशाच्या लिंकवर माझी शेवटची जागा बघायची आणि तुमच्यासाठी केलेल्या फाईलच्या पहिल्या पानावरच्या बचावपथकाच्या नंबरला फोन करून ती सांगायची. तिसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. रोजचे मुक्काम, यंत्राचा खाते क्रमांक आणि पॉलिसीचा नंबर त्याच पानावर आहेत.

येत्या रविवारी मोकळ्या मैदानातून एक मेसेज पाठवते. लिंक दोघांच्याही फोनवर उघडते का बघा आणि तिथूनच उत्तर द्या. मजकूर थोडक्यात लिहा, लांबलचक मेसेज यंत्र घेत नाही.

तुमची लेक