गोमुखाच्या वाटेवर बस वाढवा

हिमालयातला ट्रेक म्हटला की आपल्याकडे आधी गाडीसकट पॅकेज शोधले जाते. आम्ही चौघे ऋषिकेशहून साध्या बसने उत्तरकाशीला आणि दुसऱ्या दिवशी बसनेच गंगोत्रीला पोहोचलो. मंदिराजवळूनच गोमुखाची, म्हणजे गंगोत्री हिमनदीच्या मुखाची, १८ किलोमीटरची पायवाट सुरू होते. (रोज १५० जणांनाच परवाना मिळतो, तो आधीच काढून ठेवावा.) वाटेत चिरबासाला चीडची सावली आहे, भोजबासाला मात्र भूर्जवृक्ष बहुतेक नावापुरतेच उरलेत. पाहून पोटात तुटले. गंगोत्री हिमनदी मागे सरकते आहे आणि तिच्या उंबऱ्याशी मोटारींची रांग! आमच्या बसमध्ये म्हाताऱ्या यात्रेकरू बायका दांड्याला धरून तासन्‌तास उभ्या होत्या. यात्राकाळात उत्तरकाशी-गंगोत्री बसफेऱ्या वाढवाव्यात, ही संबंधितांना कळकळीची विनंती.

– एक वाचक, नाशिक