भाकरीची पावती कुठून आणू?

मा. संपादक,
स. न.

लोकवर्गणीतून होणाऱ्या उत्सवांना सरकारने अनुदान द्यावे की नाही, यावर गेले काही दिवस आपल्याकडे पत्रे येत आहेत. देऊ नये म्हणणारे डीजे आणि पुढाऱ्यांचे फ्लेक्स मोजतात; द्यावे म्हणणारे परंपरा, संस्कृती वगैरे लिहितात. मी लातूर जिल्ह्यातल्या एका गावच्या उत्सव समितीचा बारा-तेरा वर्षे खजिनदार आहे. दोन्हीकडच्या मंडळींना माझी विनंती आहे, एकदा तो अर्ज भरून पाहा.

आमचा उत्सव रामनवमीपासून तीन रात्रींचा. एक रात्र भारूड, एक रात्र आराधी आणि गोंधळ, तिसऱ्या रात्री गावच्याच पोरांचे नाटक. पाइप आणि माइक भाड्याचे, बाकी मंडप पोरे स्वतः उभा करतात. आमटी देवळामागे कढईत शिजते आणि भाकरी घराघरांतून येतात, घरागणिक वीस. दिवेलागणीला बाया पाटीत फडक्याखाली भाकरी झाकून आणतात आणि दारात बसलेला पोरगा वहीत नोंद करतो. त्या वहीत एक ओळ दरवर्षी असते : ‘म्हातारी एकटी, सहा’. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते, ते याच दिवसांत. त्या वर्षी तीनाची एकच रात्र केली, आमटीला पाणी एका शेतकऱ्याच्या बोअरचे. पण उत्सव चुकवला नाही. कोरोनाची दोन वर्षे तेवढी गेली. सरकारी यंत्रणा हाताशी असलेला वेरूळ-अजिंठा महोत्सव सात वर्षांच्या खंडानंतर 2023 मध्ये झाला, हे लक्षात आहे म्हणून सांगतो. हिणवण्याचा हेतू नाही, आम्हीही तो पाहायला गेलो होतो.

पूर्वी आम्ही धर्मादाय कार्यालयाची कलम 41 क ची परवानगी काढून वर्गणी करायचो. तरुण मंडळींनी अनुदानाचा आग्रह धरला, म्हणून संस्था नोंदवली, पॅन काढले, तीन वर्षांचे ऑडिट जमवले. त्याबद्दल तक्रार नाही. दुसऱ्याच्या पैशाला हात लावायचा तर हिशेब द्यायलाच हवा, आणि नुसत्या लेटरहेडवर जगणारी मंडळे मलाही ठाऊक आहेत.

मार्च 2023 मध्ये 50 हजारांच्या मंजुरीचे पत्र आले. अटी अशा : आधी खर्च करा, हिशेब द्या, मग रक्कम, तीही खर्चाच्या 75 टक्क्यांपर्यंतच. उरलेला हिस्सा संस्थेचा, आणि खर्च सगळा 31 मार्चच्या आत. आता पंचांग उघडा. त्या वर्षी रामनवमी 30 मार्चला होती. म्हणजे भारूड आणि गोंधळ एका आर्थिक वर्षात, नाटक दुसऱ्या वर्षात! आमच्याकडे बिले होती 46 हजारांची. एक एप्रिलची 15 हजारांची बिले बाजूला काढली. राहिले 31 हजार, त्यांचे 75 टक्के म्हणजे 23,250.

आमचा हिस्सा तर ज्वारीचा, सरपणाचा आणि अंगमेहनतीचा. मी ती वही घेऊन गेलो. टेबलामागचे गृहस्थ आमच्याच भागातले, सज्जन माणूस. वही चाळून म्हणाले, “सर, मलाबी कळतंय, आमच्या घरूनबी जातात भाकरी सप्त्याला. पण नियमात भाकरी बसत नाही. पावती आणा.” त्यांनी काहीही मागितले नाही, हेही लिहिले पाहिजे. गोंधळ्यांचे मानधन एक रुपयाच्या महसूल तिकिटावर अंगठा घेऊन रोख दिलेले. त्यावर शेरा पडला की रक्कम बँकेतून हवी होती.

मंडपवाल्याला हे सांगितले तर त्याने खिशातून पावतीपुस्तक काढून कोरे पानच पुढे केले. “तारीख, रक्कम तुम्हीच टाका, सगळे तसेच करतात.” मी टाकली नाही. यात मोठेपणा नाही, खोटे लिहायचे वय गेले. पण माझ्या जागी उद्या पंचविशीतला पोरगा बसेल. लोकांची भाकरी खरी असून चालत नाही आणि कोऱ्या पावतीवरचा आकडा चालतो, हे तो पहिल्याच वर्षी शिकेल.

सोडवायचेच म्हटले तर हे अवघड नाही. जलजीवन मिशनमध्ये गावाचा 10 टक्के वाटा रोख, वस्तू किंवा श्रम अशा कोणत्याही रूपात चालतो. नळाला चालते ते पंगतीला का चालू नये? गारपिटीनंतर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक बांधावर येऊन पंचनामा करतात आणि त्यावर सरकार पैसे देते. मग ग्रामसेवकाने एका रात्री पंगतीत येऊन पाने मोजावीत. जेवूनही जावे. तिथीने होणाऱ्या उत्सवाची मंजुरी तिथीपर्यंत चालू ठेवावी आणि निम्मी तरी रक्कम आधी द्यावी. केंद्राच्या सांस्कृतिक अनुदानातही बहुतांश रक्कम आधी आणि उरलेली हिशेबानंतर अशी पद्धत आहे. 2025 मध्ये गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा मिळाला, 1800 भजनी मंडळांना प्रत्येकी 25 हजार जाहीर झाले. आनंदच आहे. अशी छोटी, ठोक रक्कम लहान गावांना जास्त उपयोगी पडते, फक्त तिच्यामागे मोठ्या रकमेचे कागद लावू नयेत.

आमच्या समितीतले एक वडीलधारे सुरुवातीपासून अनुदानाच्या विरोधात होते. “सरकारचा पैसा आला की वर्गणी आटते,” असे ते म्हणत. मंजुरीचे पत्र गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले त्या वर्षी वर्गणी खरोखरच निम्म्यावर आली. लोक म्हणाले, तुम्हाला तर मिळालंय. अनुदान हातात नाही आणि वर्गणीही नाही, म्हणून माइकवाल्याचे पैसे सोयाबीन निघेपर्यंत थकले. भाकरी मात्र त्या वर्षीही आल्या, म्हातारीच्या सहा धरून.

आपला,
एक खजिनदार, जि. लातूर

ता. क. : त्रुटींची पूर्तता करून फाइल पुन्हा दिली आहे, ती अजून टेबलावरच आहे. तेव्हा कृपया नाव छापू नये.