बायकोचा रिपोर्ट तो नवऱ्याचा नव्हे

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. तपासणी शिबिर लावलं की बाया येतात आणि पुरुष लांब उभे राहून गंमत बघतात, हे वाचून मला नवल वाटलं नाही. बाईची एचआयव्ही तपासणी गरोदरपणात होऊन जाते. पुरुष धडधाकट असेतो दवाखान्याची पायरी चढत नाही, आणि हा विषाणू तर वर्षानुवर्षं काही त्रास न देता अंगात राहू शकतो.

आधी एका गैरसमजावर बोल. ‘बायकोचं निगेटिव्ह आलं, म्हणजे माझंही तेच’ असं पुष्कळजण धरून चालतात. साफ चूक! एकाला लागण आहे आणि दुसऱ्याला नाही, अशी जोडपी सगळीकडे आहेत. उलट तिचं पॉझिटिव्ह आलं, तर ठपका तिच्यावरच. का, तर तपासणीची सुई आधी तिला टोचली म्हणून. याची मला फार चीड येते.

शिबिराच्या फलकावर मोठ्या अक्षरांत एचआयव्ही लिहू नकोस. छोट्या गावात माणूस निकालापेक्षा ‘त्या दारात कुणी पाहील’ यालाच जास्त भितो. रक्तदाब, साखर तपासा आणि तिथेच ही तपासणीही करा. पण विचारून, बरं का. कामं आटोपल्यावर, संध्याकाळी ठेवा. स्वतः घरी करायची किट मिळत असेल तर तीही द्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्येच तिची शिफारस केली आहे. मात्र तिच्यावर पॉझिटिव्ह दिसलं तर तपासणी केंद्रात जाऊन खात्री करावीच लागते. आणि लागण होण्याजोगा प्रसंग नुकताच घडला असेल तर निगेटिव्हवरही विसंबू नये, ३ महिन्यांनी पुन्हा तपासावं.

‘कळून तरी काय उपयोग’ म्हणणाऱ्याला एचआयव्हीवरच्या गोळ्यांचं सांग. रोज नेमाने घेतल्या आणि रक्तातला विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका कमी राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. युरोपातल्या ‘पार्टनर’ अभ्यासात निरोध न वापरणारी शेकडो जोडपी होती. उपचार घेणाऱ्याकडून जोडीदाराला लागण झाल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही. हे ऐकलं की नवरे जरा सैल होतात.

पुढच्या वेळी पहिली सुई तू टोचून घे, सगळ्यांदेखत. निकाल मात्र कुणाला सांगू नकोस, निगेटिव्ह असला तरी. एकाने मिरवत सांगितला, की गप्प राहणाऱ्यावर लगेच संशय येतो. तारीख ठरली की कळव, मीही येतो.

तुझाच,
मित्र