तीन इंची पाईपाने गाडी पळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कर्णकर्कश सायलेन्सरवरच्या कारवाईच्या बातम्या आपण अधूनमधून छापता. कारवाई योग्यच आहे. रात्री साडेअकराला आमच्या सोलापुरातल्या सात रस्ता चौकातून फटाके फोडत जाणाऱ्या बुलेटवाल्याची बाजू घ्यायला मी हे पत्र लिहीत नाही. माझी हरकत त्या बातम्यांत हमखास येणाऱ्या एका वाक्याला आहे : इंजिनाची ताकद वाढवण्यासाठी तरुण मोठ्या आकाराचे सायलेन्सर बसवतात. छापून आलेले पोरांना खरे वाटते. मग ती माझ्या दुकानात येतात आणि म्हणतात, ‘मामा, तीन इंची टाका.’

अक्कलकोट रोडला माझे पाईप वाकवण्याचे आणि सायलेन्सर दुरुस्तीचे दुकान आहे. ट्रक, टेम्पो, रिक्षा, जुन्या मारुत्या, जे येईल ते काम. सध्या मात्र दुकानात एक वेगळीच गाडी उभी आहे. इंजिनिअरिंग संपवून नोकरीला लागलेला एक मुलगा पगारातले पैसे टाकून दोन माणसांची स्पोर्ट्स कार बनवतो आहे. पाईपचा सांगाडा त्याने स्वतः जोडला, वर फायबरचे अंग येणार आहे, इंजिन जुन्या मारुती एस्टीमचे. 1298 सीसी, सोळा वॉल्व्हचे, कंपनीच्या कागदावर 85 हॉर्सपॉवरचे. गाडी रस्त्यासाठी नाही; बंद मैदानावर ऑटोक्रॉससाठी (आखलेल्या वळणांवरून घड्याळ लावून गाडी पळवण्याच्या शर्यतीसाठी) ट्रेलरवरून न्यायची आहे. मुलगा हुशार, वेल्डिंगचा हातही चांगला. पण सायलेन्सरचा विषय निघाला की तोही मोबाईलवर व्हिडिओ दाखवतो. व्हिडिओतल्या गाडीचे इंजिन याच्या चौपट, आणि शेपटीला तीन इंची नळकांडे.

त्याला मी पत्र्यावर खडूने हिशेब मांडून दाखवला, तोच इथे देतो. चार स्ट्रोकचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण हवा घेते. 1298 सीसीचे इंजिन 6500 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला 6500 फेऱ्यांना, मिनिटाला सुमारे 4200 लिटर, म्हणजे सेकंदाला 70 लिटर ओढेल. सिलिंडर प्रत्यक्षात काठोकाठ भरत नाहीत; 85 टक्के धरले तर 60 लिटर. हीच हवा पेट्रोलबरोबर जळून, तापून, फुगून बाहेर येते. गाडीच्या पोटाखालच्या मधल्या पाईपात ती साडेचारशे अंशांच्या आसपास धरली तर सेकंदाला 145 लिटर होते. अठरा गेजच्या (सुमारे 1.2 मिलिमीटर जाड पत्र्याच्या) दीड इंची पाईपातून हा वायू जायचा म्हटले तर वेग सेकंदाला 145 मीटर. दोन इंचीतून 80 च्या आसपास. तीन इंचीतून जेमतेम 34.

पाईपाचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. दीड इंचीवरून दोन इंचीवर आलात की अडथळा एक तृतीयांशाच्याही खाली येतो, आणि तो फरक गाडी चालवणाऱ्याला जाणवतो. दोनवरून तीनवर गेलात तर तो आणखी कमी होतो, हे खरे. पण दोन इंचीतच उरलेला अडथळा वातावरणाच्या दाबाच्या काही टक्क्यांएवढा असतो. त्यातून वाचवून वाचवून काय वाचणार? बदल्यात पाईपाचे वजन दीडपट होते आणि गाडीखालची एक इंच जागा जाते. ही गाडी आधीच इतकी खाली बसली आहे, की रस्त्यावर आणलीच तर आमच्या विजापूर रोडचा एखादा स्पीडब्रेकर तीन इंची पाईप सोलून काढील. हे ऐकल्यावर तो पहिल्यांदा गप्प झाला. हॉर्सपॉवरच्या हिशेबाने नव्हे, स्पीडब्रेकरच्या.

आमच्या धंद्यातले जुने लोक याच्या उलट टोकाला जाऊन सांगतात, ‘इंजिनाला थोडा बॅकप्रेशर (पाईपातून उलटा येणारा दाब) लागतोच, नाहीतर पिकअप पडतो.’ तेही खरे नाही. बॅकप्रेशर कुठल्याच इंजिनाला नको असतो. त्याला हवा असतो वायूचा वेग आणि वेळेवर परत येणारी लाट. जाड पाईप बसवल्यावर पिकअप पडतो तो बॅकप्रेशर गेल्यामुळे नाही, वेग आणि लाट दोन्ही मेल्यामुळे.

ही लाट काय आहे ते थोडे सविस्तर सांगतो, कारण सगळी गंमत इथे आहे. पिस्टन तळाला पोचण्याआधीच एक्झॉस्ट वॉल्व्ह, म्हणजे जळका वायू बाहेर सोडणारी झडप, उघडतो. आतला दाब धाडकन सुटतो आणि त्याची लाट वायूच्याही पुढे, सेकंदाला साडेपाचशे-सहाशे मीटरने पळते. चार नळ्या जिथे एकत्र येतात त्या कलेक्टरमध्ये तिला एकदम मोकळी जागा मिळते, आणि तिथून ती ओढ होऊन इंजिनाकडे परत फिरते. एक्झॉस्ट आणि इनटेक (ताजी हवा आत घेणारा) असे दोन्ही वॉल्व्ह काही क्षण एकत्र उघडे असतात. त्याच क्षणी ही ओढ पोचली तर उरलेला जळका वायू खेचून काढते आणि मागोमाग ताजी हवा आत येऊ लागते. माझे वडील पॉवरलूमवर होते. ताण्याचे धागे उघडतात तेवढ्यात आडवा धागा नेणारा धोटा पार व्हायला हवा, उशीर झाला की धागा तुटतो. इथेही तसेच, फक्त उशीर झाल्यावर काही तुटत नाही. ताकद मिळायची राहते आणि माणसाला कळतही नाही.

लाट कधी परत येणार हे मुख्यतः नळीची लांबी ठरवते. ती किती जोरात येणार आणि वायूचा वेग किती राहणार हे नळीचा व्यास. म्हणून माप काढायची सुरुवात हेडरपासून, म्हणजे इंजिनाला लागून असलेल्या त्या चार नळ्यांपासून, करावी लागते. मागचा पाईप जाड झाला तर होणारे नुकसान मुख्यतः वजनाचे, जागेचे आणि आवाजाचे असते; हेडरच्या नळ्या जाड झाल्या तर थेट पिकअप जातो. गंमत अशी की पोरांचे सगळे लक्ष मागून दिसणाऱ्या टोकावर. हेडरबद्दल विचारणारा क्वचित भेटतो.

मैदानावरच्या या गाडीला वळणावरून बाहेर पडताना 3000 ते 5500 आरपीएममध्ये जोर हवा आहे. 6500 ला ती सेकंद-दोन सेकंदच जाईल. म्हणून आम्ही मापे 5500 धरून काढली. सिलिंडरमागे अकरा सुती नळी. अकरा सूत म्हणजे एक पूर्णांक तीन अष्टमांश इंच, आतून साधारण साडेबत्तीस मिलिमीटर. मुलाला पावणेदोन इंची हवी होती. फायरिंग ऑर्डर (सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम) 1-3-4-2 असल्याने एक आणि चार नंबरच्या नळ्या एकत्र, दोन आणि तीनच्या एकत्र, म्हणजे जोडीतल्या दोन ठिणग्यांमध्ये पुरती एक फेरी जाते आणि एकीचा वायू दुसरीच्या आड येत नाही. पहिला टप्पा पंधरा इंचांच्या आसपास, मग जोडीच्या दोन नळ्या पावणेदोन इंची, आणि शेवटचा एकच पाईप दोन इंची. ‘बारीक दिसतंय ओ मामा,’ असे तो अजूनही म्हणतो.

कुणी म्हणेल, ही मापे परदेशी तक्त्यांची, आपल्याकडे कशी चालतील? इंजिन तेवढीच लिटर हवा ओढते, गाव कुठलेही असो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, त्यात मे महिन्यातली 42-43 अंशांची हवा; ती विरळ असल्याने वजनाने कमी आत जाते आणि ताकद थोडी घटते. त्यासाठी पाईप जाड करण्याचे काहीच कारण नाही.

टर्बो (बाहेर जाणाऱ्या वायूच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारे यंत्र) असलेल्या इंजिनाची गोष्ट वेगळी. तिथे टर्बाइनच लाटा गिळून टाकते, आणि टर्बाइननंतरचा पाईप जितका मोकळा तितके बरे. व्हिडिओतल्या पुष्कळ गाड्या टर्बोच्या असतात. हे न सांगता तीन इंचीची वाहवा होते आणि आमच्याकडे साध्या एस्टीमवाल्याला ती खरी वाटते.

दोन इंची म्हणून आणलेला पाईप सगळीकडे दोन इंची राहतो का, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. दाबून वाकवलेला पाईप बेंडमध्ये चपटा होतो. अशा तीन-चार बेंडनंतर दोन इंचीचे पैसे देऊन आपण पावणेदोन इंची वापरत असतो. वाळू ठासून, तापवून वाकवला तर गोलाई बरीच टिकते, पण वेळ लागतो आणि गिऱ्हाईक घड्याळ बघते. तयार गोल बेंड मागवून तुकडे आर्गन वेल्डिंगने जोडणे सर्वांत चांगले. खर्च वाढतो, पण तीन इंची स्टेनलेसच्या हौसेपेक्षा कमीच. वेल्डिंगचा मणी आत आलेला असेल तर तो घासून काढावा. नळीपेक्षा गॅस्केटचे भोक लहान नको. इंजिन हलते तसा पाईप हलला पाहिजे, म्हणून हेडरनंतर फ्लेक्सीचा (लवचीक नळीचा) तुकडा आणि टांगायला रबर, नाहीतर तडा फ्लँजपाशीच (बोल्टने जोडायच्या पट्टीपाशीच) जाणार.

आता आवाज. चार सिलिंडरच्या इंजिनात 3000 आरपीएमला सेकंदाला 100 ठोके पडतात, म्हणजे शंभर हर्ट्झचा घुमारा. जाड पाईप आणि आत नुसतेच मोकळे भांडे असले की हाच घुमारा गाडीभर भरतो आणि अर्ध्या तासात डोके उठते. त्याला उपाय आहे. आतून भोकाभोकाची सरळ नळी, भोवती ग्लासवूल, असा सायलेन्सर वायूला फारसा अडवत नाही. तेवढ्याने घुमारा गेला नाही तर पाईपाला बाजूने साधारण एक मीटर दहा सेंटिमीटर लांबीची, शेवट बंद असलेली नळी जोडायची. ती नेमका शंभर हर्ट्झ खाते. आम्ही या गाडीला तशी जागा राखून ठेवली आहे.

यावरून लक्षात येईल, की कानठळ्या बसवतो तो पाईपाचा व्यास नव्हे. आतले पडदे कापून, ग्लासवूल काढून पोकळ केलेले भांडे कानठळ्या बसवते. बाहेरून कंपनीचाच दिसणारा बारीक सायलेन्सर आतून रिकामा असू शकतो, आणि जाड दिसणारा शांत असू शकतो. चौकात उभ्या पोलिसाने डोळ्यांनी माप घेण्यापेक्षा मीटरने आवाज मोजावा, एवढीच विनंती. कायदा पुरेसा कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 च्या दुसऱ्या उपकलमात 2019 च्या दुरुस्तीपासून दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे, आणि लायसन्सही तीन महिन्यांसाठी जाते. कलम 52 प्रमाणे नोंदणी झालेल्या गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करता येत नाही. रस्त्यावरच्या गाडीचा, धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून द्या म्हणणारेही येतात. त्यांना मी दारातूनच परत पाठवतो.

आपल्या वार्ताहरांना एवढे सांगावे, की पुढच्या बातमीत ‘ताकद वाढवण्यासाठी’ हे शब्द नकोत. ‘आवाजासाठी’ असे सरळ लिहावे, कारण खरे कारण तेच असते. जप्त केलेल्यांपैकी किती सायलेन्सर आतून पोकळ होते हेही छापले तर वाचकांना काही कळेल.

ज्या पोरांना खरोखर गाडी बनवायची आहे त्यांनी दुकानात जरूर यावे. येताना इंजिनाचे सीसी, ते किती आरपीएमला चालवणार तो आकडा आणि गाडीखाली जमिनीपासून किती जागा आहे ते कागदावर लिहून आणावे. व्हिडिओ आणू नये.

आपला विश्वासू,
एक सायलेन्सर कारागीर
जुने विडी घरकुल, सोलापूर
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)