फोटो डिलीट करण्याआधी बॅकअप तपासा

महोदय,

गणेशोत्सव आटोपला की बेळगावातल्या मोबाइल दुकानांत एकच तक्रार सुरू होते: 'स्टोरेज फुल' दाखवतंय, फोन अडकतोय, कॅमेरा फोटो घेत नाही. आरत्या, मिरवणूक, कपिलेश्वर तलावावरचं विसर्जन, सगळं व्हिडिओत भरलेलं असतं. मग घाईघाईने गॅलरी उघडून हजारोंनी फोटो उडवले जातात आणि ठेवायचे होते तेही त्यांच्याबरोबर जातात. यामागे बहुतेक वेळा एकच गैरसमज असतो, तो दूर व्हावा म्हणून हे पत्र.

लोक समजतात, फोटो गूगलवर चढले आहेत, तेव्हा मोबाइलमधून काढले तरी तिथं राहतीलच. तसं नाही. गूगल फोटोज ॲपमध्ये फोटो निवडून डिलीट केलं, की तो मोबाइलमधूनही जातो आणि गूगलच्या खात्यातूनही. फक्त मोबाइलमधली जागा मोकळी करायची असेल तर त्याच ॲपमध्ये वर उजवीकडच्या गोल चित्रावर टॅप करून 'फ्री अप स्पेस' निवडावं. हा पर्याय खात्यात पोहोचलेल्या फोटोंचीच मोबाइलमधली प्रत काढतो, न पोहोचलेल्यांना हात लावत नाही. मोजकेच काढायचे असतील तर ते निवडून 'डिलीट फ्रॉम डिव्हाइस' करावं.

पण फोटो खात्यात पोहोचलेत का? आपल्या भागात खरी गोम इथंच आहे. मुळात बॅकअप, म्हणजे फोटो खात्यावर चढवण्याचं काम, वायफायची वाट बघत थांबतो. ज्या घरात वायफाय नाही, फक्त सिमचा डेटा आहे, तिथं मोबाइल डेटा वापरण्याची परवानगी सेटिंगमध्ये दिल्याशिवाय बॅकअप पुढे सरकतच नाही. दुसरं, व्हॉट्सॲपवर आलेले फोटो आपोआप चढत नाहीत. पुतणीच्या लग्नाचे फोटो नातेवाइकांनी व्हॉट्सॲपवर पाठवले असतील, तर बॅकअपच्या सेटिंगमध्ये जाऊन तो फोल्डर वेगळा चालू करावा लागतो. तिसरं, फुकटची जागा 15 जीबी, आणि ती जीमेल, ड्राइव्ह, फोटो या सगळ्यांना मिळून. 1 जून 2021 पासून चढवलेला जवळजवळ प्रत्येक फोटो त्यात मोजला जातो. ती भरली की बॅकअप थांबतो, आणि सूचना वाचायची सवय नसेल तर महिनोन्महिने कळतही नाही. त्या गोल चित्रावर टॅप केलं की 'बॅकअप कम्प्लीट' दिसतं किंवा किती फोटो राहिलेत ते दिसतं. तेवढ्यावर न थांबता शेजारच्या कॉम्प्युटरवर आपलं खातं उघडून दोन-चार महत्त्वाचे फोटो डोळ्यांनी पाहावेत आणि मग लॉग आऊट करावं.

खानापूर तालुक्यात जांबोटी, कणकुंबीकडच्या जंगलपट्ट्यात राहणाऱ्यांनी 'फ्री अप स्पेस'च्या वाटेला न गेलेलं बरं, असं आमचं मत आहे. मोबाइलमधली प्रत गेली की जुना फोटो उघडायलाही नेट लागतं. त्यांनी केबलने फोन कॉम्प्युटरला जोडावा, फोनवर येणाऱ्या सूचनेत 'फाइल ट्रान्सफर' निवडावं आणि डीसीआयएम फोल्डरमधला कॅमेरा फोल्डर कॉपी करावा. कट करू नये. मध्येच केबल हलली तर फाइल अर्धवट राहते. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरची प्रॉपर्टीज उघडून फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळवावा. पेन ड्राइव्ह फॅट 32 पद्धतीचा (फाइली साठवण्याची जुनी पद्धत) असेल तर 4 जीबीपेक्षा मोठा व्हिडिओ तो घेत नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा, अर्थात आतलं आधी दुसरीकडे ठेवून. आणि केबल जोडून कॉम्प्युटरवरून डिलीट केलेला फोटो कुठल्याही बिनमध्ये (काढलेले फोटो काही दिवस राहतात ती कचरापेटी) जात नाही, तो कायमचा जातो.

आता काढायचं काय? सगळे आधी 'शुभ सकाळ'च्या चित्रांवर तुटून पडतात. असं एक चित्र साधारण 200 केबीचं, म्हणजे हजार चित्रं काढली तरी 200 एमबीच सुटतात. फुल एचडी व्हिडिओ मिनिटाला सुमारे 130 एमबी खातो, म्हणजे मिरवणुकीचा दीड मिनिटाचा एक व्हिडिओ जवळजवळ त्या हजार चित्रांएवढी जागा घेतो. म्हणून आधी व्हिडिओ. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, मग 'स्टोरेज अँड डेटा', मग 'मॅनेज स्टोरेज' उघडलं की 5 एमबीपेक्षा मोठ्या फाइली आणि वारंवार फॉरवर्ड झालेल्या फाइली वेगळ्या काढून दाखवलेल्या असतात. तिथून सुरुवात करावी. अँड्रॉइडवर आपण व्हॉट्सॲपने पाठवलेल्या फोटोंची एक प्रत 'सेंट' फोल्डरमध्ये राहते. ती गॅलरीत दिसत नाही, पण जागा खाते. मूळ फोटो जपलेला असेल तर हा फोल्डर रिकामा करायला हरकत नाही.

फोटो निवडताना एकावर बोट दाबून धरावं आणि न उचलता खाली ओढत न्यावं. गूगल फोटोजमध्ये तारखेशेजारच्या गोलावर टॅप केलं की त्या दिवसाचे सगळे निवडले जातात. पाच हजार फोटो एका दमात निवडू नयेत. साध्या फोनची गॅलरी तिथंच गोठते आणि किती गेले, किती राहिले हे कळत नाही. एका वेळी तीन-चारशे पुरेत.

एवढं करूनही जागा तेवढीच दिसते, कारण काढलेले फोटो बिनमध्ये असतात आणि बिनही फोनचीच जागा वापरतो. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो बिनमध्ये 60 दिवस राहतो, न झालेला 30 दिवस. आयफोनवर 'रिसेंटली डिलीटेड'मध्ये 30 दिवस. बिन लगेच रिकामा करू नये. चार दिवस जाऊ द्यावेत, घरच्यांनाही एकदा चाळू द्यावा.

शेताच्या उताऱ्याचे, रेशनकार्डाचे, आधारचे फोटो अनेकांच्या गॅलरीत फुलांच्या चित्रांमध्ये मिसळलेले असतात. गूगल फोटोजमध्ये 'कागदपत्रे' नावाचा अल्बम केला म्हणजे ते सुरक्षित झाले असं नाही. अल्बममध्ये वेगळी प्रत नसते, मूळ फोटो काढला की तो अल्बममधूनही जातो. कागदपत्रांची प्रत मोबाइलबाहेर हवीच.

बिनमधूनही गेलेले फोटो परत आणून देतो असं कुणी सांगितलं तर पैसे देण्याआधी विचार करावा. अलीकडच्या फोनमध्ये आतली साठवण सांकेतिक स्वरूपात असते आणि पुसलेली जागा फोन स्वतःच साफ करतो, त्यामुळे तिथून सहसा काही हाती लागत नाही. फोटो मेमरी कार्डवर असतील आणि कार्ड आधीपासून एन्क्रिप्ट (असंच सांकेतिक) केलेलं नसेल, तर मात्र आशा असते. अशा वेळी एकही नवा फोटो न काढता फोन बंद करून कार्ड बाहेर काढावं.

आणखी एक विनंती, दुकानदार बंधूंना. नवा अँड्रॉइड फोन चालू करून देताना भाषा इंग्रजी किंवा कन्नड ठेवली जाते. ज्येष्ठ मराठी ग्राहकाला पडद्यावरचा इशारा वाचता येत नाही आणि तो 'अलाऊ'वर (परवानगी द्या) बोट ठेवून मोकळा होतो. सेटिंग्जमधल्या भाषेच्या यादीत मराठी आहे. ग्राहकाला विचारून ती तेव्हाच लावून द्यावी, आणि बॅकअप कुठल्या खात्यावर चालू केला ते बिलाच्या मागे लिहून द्यावं. पासवर्ड मात्र लिहू नये.

आपले,
मोबाइल दुरुस्ती करणारे काही व्यावसायिक, बेळगाव