लघवीच्या जागेचं दुखणं, पण बघतं कोण?

मा. संपादक,

विषय अवघड आहे, पेपरात छापायचा म्हटलं तर अजूनच अवघड, पण लिहायचंच ठरवलंय कारण आपल्या खान्देशात बायका हे दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढतात आणि घरात पत्ताही लागत नाही.

माझी आई 66 वर्षांची, पारोळा तालुक्यात गावी राहते. गेल्या मार्चमध्ये तिला लघवीला आग व्हायला लागली. सगळे म्हणाले उन्हाळी लागली असेल, आणि आपल्याकडचं ऊन म्हणजे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे, त्यामुळे कुणाला वेगळं काही वाटलंच नाही. धने-जिऱ्याचं पाणी झालं, सब्जा झाला, मग गावातल्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, बरं वाटलं, आणि थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. दिवाळीपर्यंत असं चार वेळा झालं. चारही वेळा गोळ्या बदलल्या पण लघवी एकदाही तपासायला दिली नाही, कल्चर, म्हणजे कोणते जंतू आहेत ते बघायची लघवीची तपासणी, तर लांबच.

दिवाळीत मी माहेरी गेले होते. धुणं भिजवताना तिच्या परकरावर रक्ताचे डाग दिसले, छोटे छोटे, पाच-सहा. पाळी जाऊन सोळा वर्षं झालेली. विचारलं तर आधी काही बोलेचना, मग हळूच म्हणाली, "आते हाई दुखनं कोनले सांगू माय." पुसताना हाताला काहीतरी गोळ्यासारखं लागतं हे तिला तीन महिन्यांपासून माहीत होतं! शेजारची काकू म्हणाली अंग बाहेर आलंय, आणि आईने मनात कॅन्सरच धरलेला. तालुक्याला सोनोग्राफी केली, नॉर्मल आली. एका ठिकाणी तर तपासणीच्या टेबलावर न घेताच गर्भपिशवी काढून टाका असा सल्ला मिळाला.

शेवटी ज्या मॅडमकडे नेलं त्यांनी आईला झोपवून, लाइट लावून बघितलं. दोन मिनिटं लागली असतील. लघवीच्या छिद्राच्या खालच्या कडेला डाळिंबाच्या दाण्यासारखा लालभडक मांसाचा कोंब होता. याला युरेथ्रल कॅरंकल म्हणतात, ती कॅन्सरची गाठ नसते, आणि पाळी गेलेल्या बायकांमध्येच जास्त दिसतो. पाळी गेली की शरीरातलं इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी होतं, तिथली कातडी पातळ आणि कोरडी पडते, लघवीच्या नळीच्या आतलं नाजूक अस्तर बाहेर डोकावायला लागतं, मग कपडा घासून आग होते, रक्त लागतं. त्या कोरडेपणामुळेच जंतूही लवकर धरतात. म्हणजे गोळ्यांनी त्या वेळचे जंतू मेले असतीलही, पण मूळ कारण जागच्या जागीच राहत होतं.

मॅडमनी तिथे लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं आणि टबात कोमट पाणी घेऊन रोज पंधरा मिनिटं बसायला सांगितलं. दोन महिन्यांत आग थांबली, कोंब बारीक झाला. वाढला असता किंवा दिसायला वेगळा वाटला असता तर काढून तपासायला पाठवला असता असं त्या म्हणाल्या, कारण क्वचित का होईना त्या जागी कॅन्सरही होतो. आणि पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर पिशवीची तपासणी करावीच लागते, त्यामुळे सोनोग्राफी वाया गेली असं मी म्हणणार नाही. फक्त हा कोंब सोनोग्राफीत सापडत नाही, तो डोळ्यांनीच बघावा लागतो. हे क्रीम मात्र मेडिकलवरून परस्पर आणू नका, ज्यांना स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय त्यांनी तर डॉक्टरांना आधी ते सांगायचंच.

बायकांची लघवीची नळी जेमतेम 4 सेंटिमीटरची, त्यामुळे जंतू वर चढायला वेळ लागत नाही. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा इन्फेक्शन झालं की ते वारंवार होणारं धरतात. मग गोळी सुरू करायच्या आधी कल्चरला लघवी द्यायची, रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात पण कोणतं औषध लागू पडेल ते कळतं. आधीच गोळ्या खाल्ल्या तर रिपोर्टमध्ये बऱ्याचदा काही येत नाही आणि आपण समजतो सगळं ठीक आहे. तरुण मुलींना आग होतेय आणि कल्चर क्लीन येतंय तर क्लॅमिडिया, गोनोरिया या संबंधातून लागणाऱ्या रोगांची वेगळी तपासणी लागते, आणि ते निघालं तर नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. हे सासरी बोलणार कोण? लघवी झाल्यावरही थेंब थेंब गळत राहतं, पुढच्या बाजूला फुगवटा लागतो, संबंधाच्या वेळी दुखतं, असं असेल तर नळीला पिशवीसारखा फुगा आलेला असू शकतो, ते कॅरंकलपेक्षा वेगळं दुखणं आहे.

आणि कापूस वेचायला, केळीच्या बागेत जाणाऱ्या बाया आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत, लघवी दाबून धरतात. एसटी स्टँडवरच्या संडासात पाय ठेववत नाही म्हणून प्रवासातही तेच. मी स्वतः अमळनेर ते धुळे कितीदा तशीच गेलेय.

जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तिथे आठवड्यातून एक दिवस तरी बायकांच्या लघवीच्या तक्रारींसाठी लेडी डॉक्टर बसवा, आणि गावात आशाताई येतात त्यांना या कोंबाबद्दल सांगून ठेवा, एवढंच मागणं आहे. तुमच्या महिला पुरवणीत एखाद्या डॉक्टरांकडून यावर लिहून घेतलंत तर फार बरं होईल.

हे पत्र मी आईला वाचून दाखवलंय. छाप म्हणाली, फक्त नाव नको.

एक वाचक,
ता. अमळनेर, जि. जळगाव